ओळीच्या मधे थांबणारे इनासमास्तर

इनासमास्तरांच्या मुलाने वसईहून त्यांच्या अंत्यविधीचा व्हिडिओ पाठवला तेव्हा मी इकडे आखातात, रिफाला एका बंगल्याच्या गच्चीवर एसीचं आउटडोअर खोलून बसलो होतो. काळ्या बोटानेच तो उघडला. पेटी, हार, पांढऱ्या झग्यातले फादर, माती द्यायला उभी राहिलेली रांग. मग कुणीतरी मोबाईल स्पीकरला जोडला आणि गाणं लावलं. गाणं मास्तरांचंच, मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते लॅटिनमधलं, पण आवाज ईराचा. गावात आता ते म्हणणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून रेकॉर्डिंग. मुलाने खाली लिहिलं होतं, ‘पप्पांच्या स्टुडंटचं आहे. पप्पांनी स्वतः ऐकून पास केलेलं.’

त्या गाण्यात एक चूक आहे. मास्तरांनी ती पास केली, कारण मी त्यांच्याशी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर त्यांच्याबद्दल चांगलंचुंगलं लिहिता लिहिता माझा धीर सुटायचा आणि नेमकं तेवढंच राहून जायचं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात ते लॉन्ड्री सुपरवायझर होते. चर्चमध्ये लॅटिन गाणारा एक छोटा गट होता, त्याचे ते मास्तर. मी लांज्याकडचा, एसी मेकॅनिक. नईममध्ये एका शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर मला जागा मिळाली, तिथे ते आधीपासून राहत होते. शुक्रवारची दुपार होती. मी बॅग घेऊन दारात उभा, आणि हा पन्नाशीचा माणूस बनियन-लुंगीवर भिंतीकडे तोंड करून काहीतरी म्हणतोय. ओळ अर्ध्यात आली आणि गप्प झाला. मला वाटलं मला बघून थांबला. म्हटलं, “नमस्कार, मी सुभाष.” त्यांनी हात वर करून मला गप्प बसवलं, उरलेली अर्धी ओळ पुरी केली आणि मगच वळले.

“घोरतोस?”

“कधी कधी.”

“श्वास नाकाने घेतोस की तोंडाने?”

म्हटलं, झालं, वेड्याच्या खोलीत येऊन पडलो. पण मास्तर प्रत्येक माणसाला असंच जोखायचे. समोरच्याचं गाव, पगार, लग्न झालंय की नाही, हे त्यांना महिना महिना ठाऊक नसायचं. पण हा बोलताना वाक्य संपायच्या आधीच हवा सोडून देतो, हे पहिल्या पाच मिनिटांत ठाऊक. आमच्या घरमालकाच्या अरबी मुनीमाबद्दल ते म्हणायचे, “भाडं वाढवतो ते जाऊ दे, पण काय श्वास आहे रे माणसाचा.”

अकरा वर्षं मी त्या खोलीत राहिलो, आणि अकरा वर्षं ते गाणं माझ्या कानावर पडलं. पहिलं वर्षभर मी वैतागायचो. आमच्याकडे भजन म्हटलं की टाळ, मृदंग, दहाजणांचा गलका. ह्यांच्या गाण्याला ना ठेका, ना पेटी, ना सुरुवात कळे ना शेवट. मी म्हणायचो, “मास्तर, हे गाणं आहे की कुणाची तरी वाट बघणं?” ते चिडायचे नाहीत. म्हणायचे, “दोन्ही.”

त्यांच्याकडूनच मला कळलं की हजारेक वर्षांपूर्वी युरोपातल्या मठांमधले साधू दिवसातून सात-आठ वेळा जमून हे म्हणत. समोरासमोर दोन रांगा. एक ओळ उजव्या बाजूने म्हणायची, पुढची डाव्या बाजूने. आणि प्रत्येक ओळीच्या मधोमध थांबायचं. मास्तरांची एक जाडजूड वही होती, त्यात चार रेघांवर चौकोनी ठिपक्यांत सगळी गाणी उतरवलेली. थांबायच्या जागी एक फुली. पण किती वेळ थांबायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांच्या गावच्या म्हाताऱ्या कॉयरमास्तरने ते त्यांना पोरवयात तोंडी शिकवलं होतं: शेजारी उभा आहे त्याचा श्वास आत गेलेला तुला ऐकू आला, की पुढे जायचं. त्याच्या आधी नाही. पुढे चर्चमधल्या मिस्सा, म्हणजे रविवारच्या प्रार्थना, मराठीत झाल्या, गिटारी आल्या, म्हातारा वारला, आणि हे थांबणं एकट्या इनासमास्तरांकडे उरलं.

“वही जळाली तरी चालेल,” ते म्हणायचे. “ठिपके दुनियेत सगळीकडे मिळतील. ती फुली कुणी शिकलं पाहिजे.”

दुसरा एक नियम होता. ‘तुझा आवाज मला वेगळा ऐकू आला, म्हणजे तू चुकलास.’ हे ऐकून कितीतरी हौशी गायक पहिल्याच दिवशी पळाले. केरळचा एक गोड गळ्याचा माणूस आला होता, हॉटेलात पार्टीला गाणारा. मास्तरांनी त्याला तीन आठवडे नुसता उभा केला. गायचं नाही, बाजूच्याचा श्वास ऐकायचा. चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, “मास्टरजी, मैं गाने आया था, डॉक्टरी करने नहीं,” आणि गेला तो गेलाच.

बाकी जे टिकले ते सगळे शिफ्टवाले. वसई-मुंबईकडचे, कुणी हॉस्पिटलात, कुणी हॉटेलात. सगळ्यांना एका वेळी सुट्टी मिळणं शक्यच नव्हतं. मग मास्तरांनी एक अक्कल लढवली, आणि त्या अकलेनेच त्यांचा घात केला. सकाळच्या शिफ्टवाल्यांना संध्याकाळी बोलवून त्यांना उजवी बाजू शिकवली. संध्याकाळच्या शिफ्टवाल्यांना सकाळी बोलवून डावी. ज्याला त्याला आपापल्या ओळी तेवढ्या पाठ. शुक्रवारी दोन्ही बाजू चर्चमध्ये भेटल्या की गाणं पुरं व्हायचं. कित्येक वर्षं हे सुरळीत चाललं, आणि मास्तर त्यावर खूष होते.

मग एका रमजानमध्ये त्यांच्या गटातलाच एक वॉर्डबॉय अचानक गेला. तरणा माणूस. बॉडी गावी पाठवायच्या आधी चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. रमजानमुळे सगळीकडच्या ड्युट्या बदललेल्या. आले ते सगळेच्या सगळे उजव्या बाजूचे. मास्तरांच्या हे ध्यानात आलं तेव्हा पेटी आत आलेली होती. उजव्या बाजूने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. दुसरी ओळ त्यांना येतच नव्हती. समोर रिकामे बाक. मास्तर चालत त्या रिकाम्या बाजूला गेले आणि एकटेच म्हणू लागले. एक ओळ आठजण, एक ओळ एकटे मास्तर. सातव्या-आठव्या ओळीला त्यांचा आवाज चिरकला. मी फुलं घेऊन मागे उभा होतो. मला त्या लॅटिनचा अर्थ काडीचा कळत नसला तरी डावी बाजू रोज ऐकून तोंडपाठ होती. त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो असतो तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. मी नाही गेलो. हिंदू माणूस, आपलं तिथे काय काम, असं मनाशी म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर मला लाज वाटली.

खोलीवर आल्यावर ते एवढंच म्हणाले, “मी अर्धं अर्धं वाटलं. आता कुणाला तरी अख्खं दिलं पाहिजे.”

पण अख्खं घेणार कोण? त्यानंतर दोन वर्षांत गट विरघळला. एकजण कॅनडाला गेला, दोघांची कंपनी बंद पडली, एकाचा व्हिसा संपला, एकाला मुलीच्या लग्नासाठी कायमचं परतावं लागलं. इथे माणूस तयार व्हायला तीन वर्षं लागतात आणि जायला एक ईमेल. मास्तर प्रत्येकाला एअरपोर्टवर सोडायला जायचे, परत आले की वहीतलं एक नाव खोडायचे आणि म्हणायचे, “खलास.” शेवटी ते आणि एक नर्सबाई एवढेच उरले, आणि बाईंना नाईट लागायची.

ईराला त्यांच्यापर्यंत नेली ती मीच. रिफाला एका पुणेरी कुटुंबाचा एसी दुरुस्त करायला गेलो होतो. आतल्या खोलीत मुलगी एकच सूर धरून उभी होती. तिची आई म्हणाली, पोरगी युरोपात गाणं शिकते, तिकडचं क्लासिकल, सुट्टीला आली आहे. बोलता बोलता मुलीने सांगितलं की तिच्या तिथल्या बाईंनी तिला मठांतली जुनी गाणी शिकून यायला सांगितलंय. हल्ली तिकडचे तरुण गायक, चेलो म्हणजे ते मोठं व्हायोलिन वाजवणारे, सगळे त्या गाण्यांकडे वळतायत, त्यातून श्वास शिकतात. मी हातातला पाना खाली ठेवला. म्हटलं, “असला एक माणूस माझ्या खोलीवर आहे.”

चार वर्षं, ती सुट्टीला आली की दर शुक्रवारी मी मास्तरांना कंपनीच्या व्हॅनमधून रिफाला न्यायचो. पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, “एसी बंद.” बाहेर जुलै. ईरा म्हणाली, “काका, प्लीज, आय विल डाय.” मास्तर म्हणाले, “त्याच्या घरघरीत तुला माझा श्वास ऐकू येणार नाही.” मी, ज्याची भाकरी एसीवर चालते त्याने, तो बंद केला. दोन तास तिघे घामाने निथळत बसलो. तिची आई सरबत घेऊन आली आणि वाफाळलेली खोली बघून दारातूनच परत फिरली.

पोरगी मात्र अस्सल निघाली. मराठी तिला कळायचं, उत्तर इंग्लिशमध्ये द्यायची, पण मास्तर बोलायला लागले की नजर हलायची नाही. त्यांनी तिला दोन्ही बाजू दिल्या. उजवी ती म्हणायची, डावी ते, मग उलट. तिसऱ्या सुट्टीत एकदा ओळीच्या मधे दोघं थांबली आणि पुढची अर्धी ओळ दोघांनी अशी एकदम उचलली, की मला खोलीत एकच माणूस असल्यासारखं वाटलं. परतताना व्हॅनमध्ये, नईमच्या वळणावर मास्तर म्हणाले, “सुभाष, गेलं रे. पलीकडे गेलं.” डोळे पुसत होते. अकरा वर्षांत तेवढ्याच एका दिवशी मी त्यांना सुखी बघितलं.

त्याच सुमाराला कुकरच्या शिट्ट्यांवरून मला संशय आला. पाच झाल्या, सहा झाल्या, मास्तर शेजारी कांदा चिरत उभे आणि गॅस बंद करत नाहीत. तीस वर्षं त्या लॉन्ड्रीतल्या मशिनींमध्ये काढलेली. मी जबरदस्तीने हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डावा कान गेलाच आहे, उजवाही जातोय. कानाला मशीन लावलं. दोन दिवसांनी त्यांनी ते डबीत घालून ठेवलं. म्हणाले, “त्यात सगळे पत्र्यावर खडे मारल्यासारखे बोलतात. त्यापेक्षा काही नको.” आणि माझ्याकडून वचन घेतलं: ईराला कळता कामा नये. “तिला कळलं तर माझं बरोबर-चूक ती मानणार कशी?”

मग ते माणसांच्या ओठांकडे आणि खांद्यांकडे बघून चालवायला लागले. ऑफिसात कुणाला पत्ता लागला नाही. साठी उलटल्यावर कंपनीने व्हिसा वाढवणार नाही म्हणून कळवलं, तेही मॅनेजर तोंड वळवून बोलला. मास्तरांना ते कागद हातात आल्यावर कळलं.

त्यांच्या जाण्याला नऊ दिवस असताना ईराचा कार्यक्रम मनामात झाला. तोवर तिचं बऱ्यापैकी नाव झालं होतं. तिच्याबरोबर दोन परदेशी चेलोवाले आले होते, आणि कार्यक्रमात मास्तरांचं ते मेलेल्यांसाठीचं गाणं होतं. पुढच्या आठवड्यात त्याचं रेकॉर्डिंग. मास्तरांनी मुलाच्या लग्नातला कोट काढला, स्वतः इस्त्री केला. आम्ही लवकर पोचलो. मास्तर जागेवर बसले आणि मी पाणी आणायला बाहेर आलो, तर कॉरिडॉरमध्ये ईराने मला गाठलं.

“काका, लिसन. आज मी ओळीच्या मधे थांबत नाहीये. मागच्या दोन शोजमध्ये मी थांबले की लोक टाळ्या वाजवतात, दे थिंक इट्स ओव्हर. म्हणून चेलो मधे चालू राहतो आणि मी लगेच पुढे जाते. इट मे बी राँग. सर ऐकतील ना, ते सांगतील. सर नो म्हणाले तर रेकॉर्डिंगमध्ये मी सगळे पॉजेस परत घालणार. प्रॉमिस.”

मी मान हलवली. तेव्हाच तिला सांगायला हवं होतं की बाई, सरांना ऐकू येत नाही. वचन आडवं आलं. वचनाचं निमित्त झालं म्हणा.

ती गायली. माझ्यासारख्या माणसालाही कळत होतं की असा आवाज रोज ऐकायला मिळत नाही. पण ती थांबली नाही. एका ओळीलाही नाही. फुलीची जागा आली की खालून चेलो घोंगावायचा आणि ती त्याच्यावरून सरळ पुढे. मास्तर पुढे झुकून, टक लावून तिच्याकडे बघत होते. शेवटी तिने माईकवर त्यांचं नाव घेतलं, हे माझे गुरू म्हणून. सगळं सभागृह मागे वळलं. मास्तर तसेच बसलेले. मी कोपर मारलं तेव्हा गडबडून उठले आणि हात जोडले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला खांबाआड ओढलं. माझ्या ओठांकडे बघत विचारलं, “बरोबर गायली?”

मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. नऊ दिवसांनी हा माणूस रिकाम्या हाताने घरी जाणार. एवढी एकच गोष्ट त्याची मार्गी लागली आहे असं त्याला वाटतंय. लोक येऊन त्याच्याशी हात मिळवतायत, आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, “हो. अगदी बरोबर.”

“थांबली?”

“थांबली की.”

तेवढ्यात ईरा धावत आली. धाप लागलेली. “सर, टेल मी ऑनेस्टली. बरोबर आहे का?” मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. “करेक्ट. ऑल करेक्ट. काही बदलू नको.” ती रडायला लागली, तिची आई रडायला लागली, आणि मी पाण्याची बाटली हातात धरून उभा राहिलो.

रेकॉर्डिंग तसंच झालं. त्या आठवड्यात मी तिला मेसेज लिहिला आणि पुसला, असं चार-पाचदा केलं. लिहायचं तर मास्तर बहिरे आहेत हे लिहावं लागणार, मी खोटारडा आहे हेही. मग गाणं बाहेर पडलं. आता तिकडचे दुसरे गायक ते ऐकून तसंच म्हणतात, असं तिची आई कौतुकाने सांगते. आजपर्यंत मी तिला काही सांगितलेलं नाही. हे लिहितोय ते मराठीत, आणि तिला मराठी वाचता येत नाही. म्हणजे इथेही मी पळवाटच शोधली आहे.

मास्तरांना सोडायला मी एकटाच गेलो. बॅगेचं वजन झालं, शिक्का मारायच्या रांगेपर्यंत मला जाऊ दिलं. मास्तर खूप मोठ्याने बोलायला लागले होते, स्वतःचाही आवाज कळेनासा झाला होता.

“एक गंमत सांगतो,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी तिच्या खांद्यांकडे बघत होतो. खांदे कुठे थांबतच नव्हते रे. म्हटलं, हिने फुल्या सगळ्या खाल्ल्या. मग तू थांबली म्हणालास तेव्हा जीव भांड्यात पडला. कान तर गेलेच, आता डोळेही दगा द्यायला लागले.” ते हसले. “बरं झालं तू होतास. तू अकरा वर्षं ऐकलंयस. तुझ्या कानावर मी माझ्या कानापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.”

त्यांनी माझ्या खांद्यावर थापटलं, बॅग उचलली आणि रांगेत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून.

“मास्तर, ती थांबली नव्हती,” मी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, मोठ्याने. त्यांच्या पुढचा माणूस वळला, त्याची बायको वळली, काउंटरवरच्या पोलिसाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मास्तर पासपोर्ट उघडून एक पाऊल पुढे सरकले.